वाचकांचे प्रश्न : विंग मिटते तेव्हा, आणि घाईने खाली यायचं असतं तेव्हा

पॅराग्लायडिंगच्या प्रश्नांमध्ये या वेळी दोनच विषय पुन्हा पुन्हा आले: हवेत विंग (डोक्यावरचा कापडी पंख) मिटली तर काय करायचं, आणि लवकर खाली कसं यायचं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. यातली कोणतीही कसरत नुसती वाचून हवेत करून पाहू नका. ती शिकायची जागा म्हणजे पाण्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होणारा एसआयव्ही, म्हणजे हवेतल्या बिघाडांतून सावरायला शिकवणारा अभ्यासक्रम.

प्रश्न : थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) डावीकडची जवळजवळ ४० टक्के विंग मिटली. मी लगेच डावा ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणारी दोरी) दोन-तीनदा ओढला. विंग उघडली, पण तोवर अर्धी गिरकी होऊन माझं तोंड डोंगराकडे झालं होतं. चुकलं कुठे?

डावा ब्रेक ओढणं चूक नव्हतं, क्रम चुकला. मिटलेली बाजू हवेत फडफडते आणि मागे ओढते. उघडी बाजू मात्र उडतच असते. शिवाय मिटलेल्या बाजूच्या लाइन (विंगच्या दोऱ्या) ढिल्या पडल्याने तिकडचा रायझर (त्या दोऱ्या हार्नेसला जोडणारा पट्टा) तुमचं वजन पेलत नाही आणि हार्नेस, म्हणजे तुमची बैठक, त्याच बाजूला कलंडतो. म्हणजे विंगची ओढ आणि तुमचं वजन, दोन्ही तुम्हाला डावीकडेच वळवत होते. त्यात डावा ब्रेक ओढून तुम्ही त्या वळणाला आणखी जोर दिलात.

म्हणून आधी दिशा. उजव्या मांडीवर वजन टाका आणि वळण आवरेल एवढाच उजवा ब्रेक द्या. अगदी सरळ रेषेतच गेलं पाहिजे असं नाही. डोंगरापासून दूर नेणारं मंद वळण असेल तर ते तसंच चालू द्या.

या उजव्या हाताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण साधा कोलॅप्स (विंग मिटणं) बहुतेक वेळा याच हातामुळे मोठा अपघात होतो. तुमचं पूर्ण वजन आता अर्ध्याच विंगवर आहे. त्यामुळे स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली विंग उडणं सोडते तो वेग, वाढलेला असतो आणि एरवी निर्धोक असणारा ब्रेकही इथे जास्त ठरू शकतो. उघडी बाजू स्टॉल झाली की ती मागे पडते आणि स्पिन (विंगचं जागच्या जागी गरगरणं) सुरू होतो. मग दोन्ही बाजू हातातून जातात. म्हणून जेवढं काम वजनाने होईल तेवढं वजनाने करा, ब्रेक फक्त उरलेल्या कामापुरता. ब्रेकमधला ताण एकाएकी नाहीसा झाला, तर तो हात तत्क्षणी वर न्या.

दिशा हातात आली की मिटलेल्या बाजूचा ब्रेक एकदाच, पण खोल ओढा. हात सलग कंबरेपर्यंत खाली, मग पूर्ण वर, या सगळ्याला साधारण दोन सेकंद. छोटे छोटे हिसके उपयोगाचे नाहीत. खोल ब्रेकने विंगच्या आतला दाब वाढतो आणि सेलच्या (विंगमधल्या कप्प्यांच्या) भिंतींतल्या भोकांतून हवा टोकाकडे सरकते. या सरकण्याला वेळ लागतो. पहिल्या खेपेला उघडली नाही तर पुन्हा तसंच, तितकंच खोल.

दोन गोष्टी आणखी. पाय लांब सोडलेले असतील, विशेषतः पाय झाकणाऱ्या पॉड हार्नेसमध्ये, तर कोलॅप्स होताच गुडघे पोटाशी घ्या. लांब पसरलेलं शरीर विंगच्या मागोमाग वळत नाही आणि रायझरना पीळ पडतो. दुसरं, जमिनीपासून ३०-४० मीटरवर असताना असं झालं तर उघडण्याच्या मागे लागूच नका. अर्धी मिटलेली विंगही सरळ उडाली तर तुम्हाला उतरवते. दिशा धरा, पाय जोडून गुडघे किंचित वाकवा आणि तसेच उतरा.

प्रश्न : विंग मिटण्याआधी काही पूर्वसूचना मिळते का?

मिळते, आणि ती हातांना मिळते. वरून येणाऱ्या हवेमुळे विंगचा हवेशी होणारा कोन फार कमी झाला, की पुढच्या कडेवर खालून येणारा दाब नाहीसा होतो आणि ती कड खाली दुमडते. हे घडण्याच्या क्षणभर आधी त्या बाजूचा ब्रेक हलका लागतो. दोन्ही ब्रेक १०-२० सेंटीमीटर ओढून त्यात हाताच्या वजनाइतका ताण राखला असेल, तरच हा फरक कळतो. हात पूर्ण वर ठेवून उडणाऱ्याला तो कळतच नाही. ताण गेला की ताण परत मिळेपर्यंत ब्रेक झटकन खाली घ्या आणि मिळताच लगेच वर न्या. यातला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. ब्रेक खालीच राहिला तर विंग हळू होते आणि पुढचा झोत तिला स्टॉलच्या काठावर गाठतो.

प्रश्न : माझी विंग बी श्रेणीची आहे. ती आपोआप उघडेल ना?

ही श्रेणी ईएन ९२६-२ या युरोपीय मानकाच्या चाचण्यांतून ठरते. त्या चाचण्या शांत हवेत, वजनमर्यादेच्या दोन्ही टोकांना, सराईत चाचणी-पायलट करतात. त्यात साधारण निम्मी आणि नंतर पाऊण विंग मुद्दाम मिटवून ती स्वतःहून कशी सावरते हे पाहिलं जातं. पायलटने चूक केली नाही तर विंग कशी वागते, एवढंच ती श्रेणी सांगते. रोटरमध्ये (डोंगरामागच्या गरगरत्या हवेत), डोंगरालगत, घाबरलेल्या हातांखाली ती कशी वागेल याची हमी त्यात नाही. वजनमर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला उडत असाल तर विंग जास्त वेळा मिटते, पण सावकाश. वरच्या टोकाला कमी वेळा मिटते, पण मिटली की जोरात फिरवते.

प्रश्न : स्पीडबार (वेग वाढवायला पायाने दाबायची दांडी) पूर्ण दाबलेला असताना समोरची अख्खी कड मिटली. विंग मागे गेली आणि मग एकदम डोक्यावरून पुढे झेपावली. अशा वेळी ब्रेक कधी ओढायचा?

सगळ्यांत आधी पाय सोडा. स्पीडबार दाबला की पुढचे रायझर आखूड होऊन विंगचा कोन आधीच कमी झालेला असतो. बार दाबलेलाच राहिला तर विंग उघडूनही पुन्हा मिटते. म्हणून पायांची सवय अशी हवी, की खटका जाणवताच ते आपोआप सैल पडावेत.

दोन्ही हात वर ठेवा. विंग मागे असताना ब्रेक ओढणं ही या प्रसंगातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण तेव्हा तिचा पुढचा वेग जवळपास संपलेला असतो आणि ब्रेकने ती पूर्ण स्टॉलमध्ये जाते. सर्वसाधारण विंग स्वतःच उघडते. उघडून ती वेग घ्यायला पुढे झेपावते, तेव्हा ब्रेक. झेप जेवढी मोठी तेवढा खोल, आणि ती थांबताच हात वर. एकदोन क्षणांनंतरही मधला भाग दुमडलेलाच दिसला, तर दोन्ही ब्रेक सारखेच, एकदाच, छोटे पण ठाम ओढून सोडा.

जमिनीच्या जवळ किंवा खवळलेल्या हवेत स्पीडबारवर असताना ब्रेकने विंग सावरण्याचा मोह टाळा. बार आणि ब्रेक एकत्र वापरले की विंगचा आकार बिघडतो. त्याऐवजी बार थोडा सैल करा. ज्या विंगवर मागच्या रायझरने कोन सावरण्याची सोय आहे, तिथे तो वापरा.

प्रश्न : उघडल्यावर विंगचं टोक लाइनमध्ये अडकून राहिलं. कितीही पंप केलं (ब्रेक खालीवर ओढला) तरी सुटेना.

हा क्रॅवॅट. यात पंप क्वचितच पुरतो, कारण कापड हवेअभावी मिटलेलं नसून लाइननी बांधलेलं असतं. इथेही क्रम तोच: उघड्या बाजूला वजन, तिकडेच थोडा ब्रेक, आणि दिशा स्थिर. अडकलेलं टोक विमानाच्या ब्रेकसारखं ओढ देतं. दिशा धरली नाही तर ग्लायडर दोन-तीन फेऱ्यांत आपोआप खोल स्पायरलमध्ये (गिरक्या घेत वेगाने खाली येण्यात) जातो. एकदा अंगावरचा भार वाढला की हात वर नेणंही अवघड होतं.

दिशा टिकली तर स्टॅबिलो लाइन शोधा. विंगच्या टोकाकडे जाणारी ही सर्वांत बाहेरची लाइन बहुतेक वेळा वेगळ्या रंगाची असते आणि बऱ्याच विंगवर बी रायझरला (पुढून दुसऱ्या रांगेच्या) जोडलेली असते. आपल्या विंगवर ती नेमकी कुठे आहे हे जमिनीवरच बघून ठेवा. तिला पकडून खाली खेचत राहा, ढिली पडलेली लांबी हातात गोळा करा, टोक निसटेपर्यंत. नाही निसटलं, तर त्या बाजूच्या बाहेरच्या ए-लाइन (सर्वांत पुढच्या रांगेतल्या) ओढून ती बाजू आणखी मिटवा आणि सोडा. कधी कधी उघडण्याच्या झटक्यात गाठ सुटते. यापुढचा उपाय फुल स्टॉल (दोन्ही ब्रेक खोल ओढून विंगचं उडणं पूर्ण थांबवणं) आहे, पण तो ज्यांनी पाण्यावर अनेकदा केला आहे आणि ज्यांच्याकडे भरपूर उंची आहे त्यांच्यापुरताच. इतरांनी दिशा हातातून जाऊ लागताच रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) टाकावा.

प्रश्न : ढगाखाली जोरात वर ओढलं जात होतं. बिग इअर्स ओढले (विंगची दोन्ही टोकं आत दुमडली) तरी व्हॅरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं यंत्र) वरच दाखवत होता. मग त्यांचा उपयोग काय?

हिशेब साधा आहे. बिग इअर्सने विंग सेकंदाला साधारण ३ मीटरने खाली येते, स्पीडबार जोडला तर ४ च्या आसपास किंवा थोडी जास्त. हवा ५ मीटरने वर जात असेल तर तुम्ही वरच जाणार. त्याच हवेत सेकंदाला १२ मीटरचा स्पायरल केला तर तुम्ही ७ मीटरने खाली याल, पण एकाच जागी, म्हणजे त्याच ढगाखाली. थकून स्पायरल सोडलात की पुन्हा वर.

म्हणून बिग इअर्सचा खरा फायदा खाली येण्यापेक्षा बाहेर पडण्यात आहे. लवकर उतरण्याच्या रूढ युक्त्यांपैकी पुढे जाणं चालू ठेवणारी ही एकमेव. ढगाची जवळची कड निवडा, इअर्स ओढा, मग बार पूर्ण दाबा, आणि वर जाणाऱ्या हवेच्या पट्ट्यातून आडवे बाहेर पडा. ढगापासून दूर गेल्यावर बहुधा खाली जाणारी हवा मिळते आणि उरलेलं काम तीच करते.

पद्धत अशी. ब्रेकचे दांडे हातातच ठेवा, पण ब्रेकची दोरी हाताला गुंडाळलेली असेल तर ती सोडा. सर्वांत बाहेरची ए-लाइन धरा. बऱ्याच विंगवर तिचा वेगळा पट्टा असतो. हात शक्य तितका वर नेऊन ती २०-३० सेंटीमीटर खाली आणा. दोन्ही टोकं आत दुमडली की तसंच धरून ठेवा आणि वजनाने वळवा. इअर्स आधी आणि बार नंतर, हा क्रम उलटवू नका. बार दाबलेला असताना ए-लाइन ओढल्या तर अख्खी कड मिटू शकते. बार का जोडायचा, तर दुमडलेल्या टोकांमुळे ओढ वाढते, वेग कमी होतो आणि विंगचा कोन वाढतो. बार तो पुन्हा खाली आणतो आणि डीप स्टॉलपासून (विंग भरलेली, पण पुढे न उडता खाली जाणारी) दूर ठेवतो. सोडल्यावर टोकं आपोआप उघडली नाहीत तर एका वेळी एकाच बाजूला हलका ब्रेक द्या. दोन्ही ब्रेक एकदम खोल ओढू नका. आणि इअर्स धरून खोल स्पायरल करू नका, कारण वाढलेला सगळा भार मधल्या मोजक्या लाइनवर येतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही तंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. गडगडाटी ढगातली हवा सेकंदाला २० मीटर आणि त्याहून जास्त वेगाने वर जाऊ शकते. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिला इथे जर्मन पायलट एव्हा विस्निएर्स्का अशाच ढगात ओढली गेली आणि सुमारे ९,९०० मीटरपर्यंत पोहोचली. बेशुद्ध होऊनही ती वाचली. त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट हे झोंगपिन मात्र दगावला. वर वाढत जाणारा, तळ काळवंडलेला ढग दिसला तर तो दूर असतानाच उतरा. तो डोक्यावर आल्यावर निवडीला फारसं काही उरत नाही.

प्रश्न : स्पायरल सेकंदाला ८ मीटरपर्यंत नीट जमतो. पण एकदा विंगने एकदम नाक खाली घातलं, आकडा १६ वर गेला आणि ब्रेक सोडूनही ती फिरतच राहिली. घाबरगुंडी उडाली.

तुम्ही अनुभवलंत ती सीमारेषा प्रत्येक विंगवर असते. सुरुवातीला ते फक्त कललेलं वळण असतं. एका टप्प्यावर पुढची कड जमिनीकडे वळते, वेग झपाट्याने वाढतो आणि अंगावर तिप्पट किंवा त्याहून जास्त भार येतो. ७० किलोच्या माणसाला स्वतःचं वजन २१० किलो लागतं. इथून पुढे काही विंग स्वतःहून बाहेर येतात. काही तशाच फिरत राहतात, आणि पायलटचं वजन आतल्या बाजूला राहिलं तर हे हमखास होतं. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: हात सोडतो, पण कंबर आतच कललेली राहते.

बाहेर पडताना आधी वजन मध्यावर आणा, मग किंचित बाहेर. बाहेरचा ब्रेक ठामपणे ओढा. या वेगात तो नेहमीपेक्षा कितीतरी जड लागतो, त्यामुळे ‘ओढला’ असं वाटूनही प्रत्यक्षात फारसा ओढलेला नसतो. फिरणं मंदावू लागलं की लगेच सगळं सोडू नका. उलट आतला ब्रेक थोडा परत घेऊन दोन-तीन फेऱ्यांत वेग उतरवा. झटक्यात सरळ झालात तर साठलेला वेग तुम्हाला वर भिरकावतो, विंग मागे राहते, मग पुढे झेपावते, आणि तेवढ्यात तुमच्याच विंगने ढवळलेली हवा समोर येते. स्पायरलमधून सुखरूप बाहेर आल्यावर लगेच कोलॅप्स होण्याचं कारण हेच.

उंचीचा हिशेब आधीच ठरवा. १६ मीटरच्या वेगाने ३०० मीटर १९ सेकंदांच्या आत संपतात. म्हणून जमिनीपासून ३०० मीटर उरले असतानाच बाहेर पडायला सुरुवात झालेली हवी. स्पायरलमध्ये पाय आणि पोट घट्ट आवळा, श्वास चालू ठेवा. नजरेच्या कडा काळवंडू लागल्या किंवा रंग फिके पडले, तर मेंदूला रक्त कमी पडतंय. बेशुद्धी तिथून फार दूर नसते. त्या क्षणी बाहेर पडायला सुरुवात करा. विंग दाद देत नसेल तर शुद्धीवर असतानाच रिझर्व्ह टाका, कारण भार वाढला की हात रिझर्व्हच्या दांड्यापर्यंत पोहोचत नाही. शरीरात पाणी कमी असताना किंवा थकलेले असताना हे सगळं लवकर घडतं.

८ मीटरचा स्पायरल नीट जमतो, तर बहुतेक प्रसंगी तेवढा पुरेसा आहे. त्याच्या पलीकडचा टप्पा पाण्यावर शिका.

प्रश्न : बी-लाइन स्टॉल आता कुणी शिकवत का नाही?

कारण बऱ्याच नव्या विंगवर उत्पादकच तो करू नका म्हणतात. दोन्ही बी रायझर ओढले की विंगचा आकार मोडतो, पुढचा वेग संपतो आणि ती सेकंदाला ६ ते ८ मीटरने जवळपास सरळ खाली येते. पण त्या वेळी वारा नेईल तिकडे तुम्ही वाहत जाता. सोडताना दोन्ही हात एकदम आणि झटकन वर न्यावे लागतात; सावकाश सोडल्यास डीप स्टॉल राहण्याचा धोका असतो. लाइनच्या दोनच रांगा असलेल्या विंगवर बी हेच मागचे रायझर असतात, त्यामुळे तिथे हा पर्यायच नाही. आपल्या विंगच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेच प्रमाण माना.

प्रश्न : डीप स्टॉलमध्ये आहोत हे ओळखायचं कसं?

कानांवरचा वारा शांत होतो, ब्रेक सैल लागतात, विंग डोक्यावर भरलेली दिसते, पण तुम्ही पुढे न जाता खाली जात असता. हात पूर्ण वर न्या आणि स्पीडबार दाबा, किंवा ए रायझर पुढे ढकला. विंग उडू लागेपर्यंत ब्रेकने वळवायला जाऊ नका, स्पिन होईल.

प्रश्न : रिझर्व्ह नक्की कधी टाकायचा?

विंग फिरतेय आणि तुम्ही तिला थांबवू शकत नाही, हे कळताच. गरगरत्या ग्लायडरचा वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर १०० मीटर म्हणजे सात सेकंदांपेक्षा कमी. त्यातली दोन-तीन रिझर्व्ह उघडायला जातात आणि दांडा शोधायलाही वेळ लागतो. म्हणून १५०-२०० मीटरच्या खाली काही बिघडलं आणि पहिल्या प्रयत्नात सावरलं नाही, तर दुसरा प्रयत्न रिझर्व्हचाच. खूप खाली असलात तरी टाकाच. अर्धवट उघडलेला रिझर्व्हही पडण्याचा वेग कमी करतो.

आधी दांड्याकडे बघा, मग पकडा, ओढून पिना मोकळ्या करा आणि पिशवी विंगपासून दूर, मोकळ्या हवेत, पूर्ण जोराने भिरकावा. फिरत असाल तर फिरण्याच्या वर्तुळाबाहेर. दांडा हातातून सुटलाच पाहिजे. तो घट्ट धरून ठेवणं ही भीतीपोटी होणारी खरी चूक आहे. रिझर्व्ह उघडला की विंग निकामी करा. ब्रेक, बी किंवा सी लाइन दोन्ही हातांनी गोळा करून तिला जवळ ओढा. तसं केलं नाही तर विंग आणि रिझर्व्ह एकमेकांपासून दूर ओढले जातात, दोघंही आडवे होतात आणि खाली येण्याचा वेग वाढतो.

ईएन १२४९१ मानकाप्रमाणे पूर्ण भाराला रिझर्व्हचा वेग सेकंदाला ५.५ मीटरहून जास्त नसावा. हे दीड मीटर उंचीवरून उडी मारण्याइतकं आहे. पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि टेकताच बाजूला लोळण. हात मागे टेकवू नका, मनगट मोडतं.

प्रश्न : यातलं घरी काय सरावता येईल?

हार्नेस भक्कम आधाराला टांगा, त्यात बसा, डोळे मिटून हात थेट रिझर्व्हच्या दांड्यावर पडतो का ते बघा. हिवाळी हातमोजे घालूनही करून पाहा, दांड्याची जाणीव त्यांत बदलते. प्रत्येक उड्डाणात हवा शांत असताना एकदा दांड्याला हात लावून परत ब्रेकवर या. रिझर्व्ह बदलला किंवा हार्नेस नवा घेतला, तर प्रत्यक्ष टाकून बघण्याचा सराव टांगूनच एकदा करा. काही जोड्यांमध्ये पिशवी खिशातून निघतच नाही, आणि ते जमिनीवर कळलेलं बरं. मग पुन्हा घडी करून घ्या. अशी घडी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेकदा ६ ते १२ महिन्यांनी, करायची असते.

एसआयव्हीमध्ये रिझर्व्ह पाण्यात पडला तर तो ओलाच पिशवीत कोंबून ठेवू नका. खारं पाणी असेल तर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवा, लाइनचे रबर नवे घाला आणि मगच जाणकाराकडून घडी करून घ्या.